जुने यंत्र आणि खरा आकडा

घरातील टीव्ही बिघडला तर त्या दिवशीची मालिका बुडते. मिक्सर बंद पडला तर पाटा-वरवंटा काढावा लागतो. पंखा थांबला तर रात्र घामात जाते. बिघडलेल्या वस्तू दुरुस्त करणे हा आमचा पोटाचा धंदा आहे, त्यामुळे बंद पडलेल्या यंत्राची आम्हाला भीती वाटत नाही. बंद पडलेले यंत्र निदान गप्प तरी बसते. भीती वाटते ती चालू दिसणाऱ्या पण खोटे सांगणाऱ्या यंत्राची. हे आम्हाला कळले ते मुंबई बंदरात नांगरलेल्या शिडाच्या होड्यांवर. ते वाचकांच्या घरीही उपयोगी पडेल असे वाटले, म्हणून हा लेख.

आम्ही म्हणजे आम्ही दोघे पती-पत्नी. आमच्यातील एकाने आय.टी.आय.मध्ये रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचे शिक्षण घेतले. दुसरीने अकरा वर्षे अंधेरीच्या सीप्झमधील एका इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात भिंगाखाली सोल्डरिंग केले. कारखाना बंद झाला तेव्हा हातात थोडी रक्कम आणि बोटांत कसब एवढेच उरले होते. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत खिडकीजवळ एक टेबल टाकले आणि दुरुस्ती सुरू केली. एक जण दोष शोधतो, दुसरी तो काढते. भांडण झाले तरी काम थांबत नाही, कारण एकट्याने ते होत नाही.

आमच्याच चाळीत एक गृहस्थ राहतात. गेट वे ऑफ इंडियासमोरच्या पाण्यात शिडाच्या खाजगी होड्या नांगरलेल्या असतात, त्यांतील एका होडीवर ते नोकरीला आहेत. सगळे त्यांना तांडेलमामा म्हणतात. होडी धुणे, शिडे सांभाळणे, मालक आले की त्यांना फिरवून आणणे आणि ते गेले की होडीवर राखण करणे, हे त्यांचे काम. एके संध्याकाळी ते प्लॅस्टिकच्या पिशवीत एक चौकोनी डबी घेऊन आले. “वहिनी, याच्यात जीव आहे का बघा,” म्हणाले. तेथून आमचा या कामाशी संबंध आला. आज त्याला वीस वर्षे होतील. पावसाळ्यात या होड्या पाण्याबाहेर काढून ठेवतात आणि पाऊस सरला की पुन्हा पाण्यात सोडतात. त्या सुमारास आम्हाला बोलावणे येते.

समुद्रावर कधी न गेलेल्या वाचकांसाठी आधी थोडे समजावून सांगतो. शिडाच्या होडीला पाच गोष्टी कळाव्या लागतात. पोटाखाली पाणी किती, आपला वेग किती, वारा कुठून आणि किती जोराचा, आपण नेमके कुठे आहोत, आणि संकट आले तर हाक कोणाला मारायची. पूर्वी यांतील बरेचसे काम दोरी, डोळे आणि अनुभव यांवर चाले. गेल्या पन्नास-साठ वर्षांत प्रत्येक कामाला एकेक इलेक्ट्रॉनिक यंत्र आले. ही यंत्रे मिठाच्या हवेत, उन्हात आणि हादऱ्यात राहतात. घरातील रेडिओ पंचवीस वर्षे टिकतो, पण होडीवरील डबीचे एक वर्ष घरच्या दोन-तीन वर्षांच्या बरोबरीचे समजावे.

२०२२ सालच्या ऑक्टोबरची गोष्ट. तांडेलमामांची होडी फायबरग्लासची, तीस फुटांची, १९८० नंतरच्या दशकात बांधलेली. मालक स्वभावाने चांगले, नोकरीतून निवृत्त झालेले. होडीवरील बहुतेक यंत्रे तिच्याबरोबरच म्हातारी झाली होती. खोलीचे यंत्र मध्येच आकडा दाखवी, मध्येच नुसत्या रेघा. (खोली म्हणजे पाण्याची खोली, आमची खोली मोजायला यंत्र लागत नाही.) वेगाचे यंत्र शून्यावरून हलत नव्हते. वाऱ्याच्या यंत्राचा पडदा काळा पडला होता. जागा दाखवणारे जुने जी.पी.एस. चालू होते, पण तारीख भलतीच सांगत होते. मालकांनी एका दुकानाकडून अंदाज मागवला. दुकानदाराने एका ओळीत लिहून दिले की सगळे काढा आणि सगळे नवे बसवा. रक्कम लाखांच्या घरातील होती. मालक म्हणाले, “एवढा खर्च करण्यापेक्षा मी होडीच विकून टाकतो.”

मालकांच्या दृष्टीने तो एक हिशेब होता. तांडेलमामांच्या दृष्टीने ती सव्वीस वर्षांची नोकरी होती. नवा मालक नवा माणूस ठेवतो. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी दुसऱ्या होडीवर कोण घेणार? मामा आमच्याकडे आले ते याच काळजीने. आम्ही मालकांना निरोप दिला की दोन रविवार द्या. काय दुरुस्त होईल, काय बदलावे लागेल आणि काय नसले तरी चालेल, ते वेगवेगळे लिहून देतो. येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. नवे यंत्र विकले गेले तर दुकानदार आमच्यासारख्या कारागिराला टक्का देऊ करतात. दुरुस्तीत नुसती मजुरी मिळते. म्हणून “हे आता टाकून द्या” असे सांगणे कारागिराला नेहमीच फायद्याचे असते. ते गिऱ्हाइकाला फायद्याचे आहे का, हा प्रश्न वेगळा.

पहिल्या रविवारी सकाळी लहान वल्ह्याच्या होडीतून आम्ही तिकडे गेलो. आमच्यातील एकीला पोहता येत नाही आणि दुसऱ्याला जेमतेम येते. म्हणून दोघांनीही लाइफ जॅकेट घातले होते. मामा हसले, पण पट्टे ओढून बघायला विसरले नाहीत.

होडीवर यंत्राची डबी आधी उघडायची नाही, असा आमचा नियम आहे. आधी वीज कुठपर्यंत पोहोचते ते पाहायचे. बॅटरीवर मीटर लावला तर १२.६ व्होल्ट. मग दिवे आणि यंत्रे चालू ठेवून खोलीच्या यंत्राच्या पाठीमागे मोजले तर १०.३. वाटेत दोन व्होल्टच्या वर वीज हरवत होती. इंजिन सुरू करताना बॅटरीवर ताण पडला की तेथे आणखी कमी पोहोचे, आणि यंत्र डोळे मिटून पुन्हा उघडे. माणूस उपाशी असला तर त्याला चक्कर येते. त्याच्या मेंदूचे ऑपरेशन करत नाहीत.

स्विचच्या फळीमागे हात घातला आणि कारण सापडले. जोडाजोडांवर हिरवा कळक चढला होता. आपल्या आया-आज्या कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवत नसत, कळकते म्हणून. होडीतील तांब्याच्या तारेचेही तसेच आहे. साधी तार टोकाला उघडी राहिली की खारी ओल केसासारख्या बारीक तारांमधून वेष्टणाच्या आत शिरत जाते. वरून तार धडधाकट दिसते आणि आत ती काळी पडलेली असते. म्हणून समुद्रावर कथिलाचा मुलामा दिलेली तार वापरतात. ती तारेची कल्हईच म्हणा. नुसते सोल्डर करूनही भागत नाही, कारण हादऱ्याने सोल्डर संपते त्या कडेलाच तार तुटते. म्हणून जोड पक्कडीने दाबून बसवायचा आणि त्यावर आतून गोंद असलेली, उष्णतेने आकसणारी नळी चढवायची. दुपारपर्यंत आम्ही चौदा जोड बदलले. यंत्राच्या पाठीमागे १२.४ व्होल्ट आले. खोलीच्या यंत्राच्या रेघा गेल्या आणि आकडा स्थिर झाला. सगळा खर्च तार, टोके आणि नळी एवढाच.

वेगाचे यंत्र शून्य का दाखवत होते, हे त्याहून सोपे होते. होडीच्या तळाला एक छोटे चाक असते. पाण्याने ते फिरते. त्याच्या पात्यांत लोहचुंबक बसवलेले असतात आणि चुंबक समोरून गेला की आतला सेन्सर एक ठोका मोजतो. ते चाक आतून उपसून काढता येते. मात्र काढताक्षणी त्या भोकातून समुद्र होडीत उसळतो. मामा बूच हातात धरून तयार बसले. “एक, दोन, तीन” म्हणताच चाक बाहेर आले आणि बूच आत गेले. तेवढ्यात बादलीभर पाणी आत आले आणि आमच्या जेवणाच्या डब्यावरून गेले. चाकावर पांढऱ्या कवचाच्या बार्नॅकलची वस्ती झाली होती. लाकडी काडीने ती खरवडली, चाक बोटाने फिरवले, आणि वर पडद्यावर आकडा नाचू लागला. पुढच्या रविवारी ठाऊक असलेले अंतर एकदा जाताना आणि एकदा येताना कापून आकडा जुळवून घेतला. दोन्ही बाजूंनी का? कारण भरती-ओहोटीचा ओढ एका बाजूला मदत करतो आणि दुसऱ्या बाजूला अडवतो. दोन्हींची सरासरी काढली की यंत्राचा खरेपणा कळतो.

आता खोलीच्या यंत्राकडे पुन्हा यावे लागेल. आकडा स्थिर झाला म्हणजे तो खरा झाला असे नव्हे. हे यंत्र कसे चालते ते पाहा. होडीच्या तळाशी सिरॅमिकची एक चकती असते. विजेचा झटका मिळाला की ती थरथरते आणि आपल्या कानाला ऐकू न येणारा आवाज पाण्यात सोडते. तो आवाज समुद्राच्या तळावर आपटून परत येतो. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर धावतो. पाणी दहा मीटर खोल असेल तर जाऊन-येऊन वीस मीटरची वाट होते, आणि त्याला सेकंदाचा सुमारे पंचाहत्तरावा भाग लागतो. एवढा वेळ मोजून यंत्र खोली सांगते. चकतीवर शेवाळ चढले, रंगाचे जाड थर बसले किंवा वीज कमी पडली की हा हिशेब बिघडतो.

मुंबई बंदरात हा आकडा फार मोलाचा आहे. उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांत चार मीटरच्या वर फरक पडतो. सकाळी जेथून होडी आरामात गेली, तेथे दुपारी गाळ उघडा पडलेला असतो. पाणी गढूळ, त्यामुळे डोळ्यांना तळ दिसत नाही.

म्हणून आम्ही मामांना त्यांची दोरी काढायला सांगितली. शिशाचे वजन बांधलेली, दर वावाला चिंधी गाठवलेली ती दोरी सव्वीस वर्षे पेटीत होती. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होते तेवढे अंतर, सहा फूट. दोरी सोडली, ओली झाली तेथे चिमटीत धरली आणि आमच्या मीटरच्या टेपवर मोजली. पाण्याच्या पृष्ठभागापासून तळापर्यंत ५.१ मीटर. यंत्र दाखवत होते ४.७. ओहोटी लागली, दोन तासांनी पुन्हा मोजले. दोरी ३.९, यंत्र ३.५. दोन्ही वेळा फरक तोच, ०.४. यंत्राची चकती पाण्याच्या पृष्ठभागाखाली तेवढ्याच अंतरावर आहे, आणि यंत्र स्वतःपासून खाली मोजते. फरक कायम राहिला याचा अर्थ यंत्र खरे बोलत होते.

पण त्याच वेळी दुसरीच गोष्ट उघड झाली. मालक म्हणाले, “म्हणजे आपल्या होडीखाली साडेतीन मीटर पाणी आहे.” मामा हळूच म्हणाले, “नाही साहेब, त्यातून सव्वा वजा करायचे.” शिडाच्या होडीच्या पोटाखाली कील नावाचे जड पाते असते आणि ते चकतीच्याही खाली सव्वा मीटर उतरलेले होते. म्हणजे खरे मोकळे पाणी सव्वादोन मीटर. इतकी वर्षे एकाच आकड्याचे दोघे दोन अर्थ लावत होते आणि कोणी कोणाला विचारले नव्हते. मामा सुकाणूवर असत तोवर ठीक होते. आमच्यातील एकीने पांढऱ्या पट्टीवर पक्क्या शाईने “सव्वा वजा करा” असे लिहून ती पडद्याखाली चिकटवली. त्या दिवशी आम्ही केलेल्या कामांत सर्वांत स्वस्त आणि कदाचित सर्वांत उपयोगी काम हेच असावे.

वाऱ्याच्या यंत्राची गोष्ट वेगळी निघाली. त्याचा फिरणारा भाग डोलकाठीच्या टोकावर असतो. मामांना दोरखंडाच्या पाळण्यातून वर ओढावे लागले. तेथील बेअरिंग झिजून गेले होते आणि तो सुटा भाग आता बनत नाही. खाली पडदाही उन्हाने जळलेला. आतली रबरी पट्टी पुसून पाहिली, काच पुसून पाहिली. उपयोग झाला नाही. बदलायचे म्हटले तर नुसता पडदा बदलून चालत नाही. जुन्या आणि नव्या यंत्रांची एकमेकांशी बोलण्याची भाषा वेगळी आहे. आमची मुलगी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेली आहे, तिने आम्हाला हे समजावले. होड्यांवरील यंत्रांनी एकमेकांना माहिती कशी सांगायची, याचा एक नियम १९८३ साली ठरला. त्यात अक्षरांची साधी ओळ एका तारेवरून सावकाश जाते. नव्या यंत्रांचा नियम निराळा, तारा निराळ्या, जोड निराळे. मध्ये दुभाषा बसवता येतो, पण तो खर्च करून जुन्यात नवे घालायचे की नाही हे आधी ठरवले पाहिजे. मामांना विचारले तर म्हणाले, “भाऊ, वारा मानेला कळतो. नाहीच कळला तर शिडाच्या तारेला लोकरीचा धागा बांधतो.” आम्ही कागदावर लिहिले : वाऱ्याचे यंत्र काढून टाकावे, नवे नको.

जी.पी.एस.ची तारीख मार्च २००३ दाखवत होती. गंमत म्हणजे वार मात्र बरोबर होता, रविवार. जी.पी.एस.चे उपग्रह आठवड्यांचा आकडा पाठवतात आणि जुन्या पद्धतीत तो १,०२४ आठवड्यांनी पुन्हा शून्यावर येतो. रिक्षाच्या जुन्या मीटरचा काटा पूर्ण फिरून पुन्हा शून्यावर यावा तसे. ही मोजणी १९८० च्या जानेवारीत सुरू झाली. पहिला फेरा १९९९ च्या ऑगस्टमध्ये पूर्ण झाला आणि दुसरा २०१९ च्या एप्रिलमध्ये. काही जुनी यंत्रे तेव्हापासून जवळजवळ वीस वर्षे मागे गेली. पूर्ण आठवडेच मागे गेल्यामुळे वार चुकत नाही. जागा मात्र हे यंत्र बरोबर सांगत होते. दीपगृह आणि नकाशा यांच्याशी ताडून आम्ही ते पाहिले. मालकांकडे नवे छोटे यंत्र होतेच. जुने आम्ही जोडीला ठेवले आणि त्यावर लिहिले : तारखेवर विश्वास ठेवू नये.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. दुसऱ्या रविवारी निघता निघता आमचे लक्ष केबिनच्या भिंतीवरील एका पिवळ्या डबीकडे गेले. होडी बुडू लागली तर चालू करायची आणि तिने उपग्रहाला हाक पाठवायची, अशी ती डबी. अशा डबीला ई.पी.आय.आर.बी. म्हणतात. मामा तिला फार जपत. दर रविवारी पुसत, चाचणीचे बटण दाबत. लाल दिवा लागे. मामांच्या मते होडीवरील सगळ्यांत भरवशाचे यंत्र तेच होते.

आम्ही डबीवरील अक्षरे वाचली. ती १२१.५ मेगाहर्ट्झवर बोलणारी जुनी डबी होती. उपग्रहांनी या जुन्या लहरीवरील हाक ऐकणे १ फेब्रुवारी २००९ पासून बंद केले. तेव्हापासून उपग्रह फक्त ४०६ मेगाहर्ट्झवरील हाक ऐकतात. आमच्या चाचणीच्या दिवशी त्या गोष्टीला तेरा वर्षांच्या वर झाली होती. जवळून जाणाऱ्या एखाद्या विमानाने त्या लहरीवर कान ठेवला असता तरच कोणाला कळले असते. दिवा लागत होता, बटण चालत होते, आणि ऐकणारे कोणी नव्हते.

मामा बराच वेळ त्या डबीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे मी दर रविवारी रिकामी पेटी पुसत होतो.”

मालकांना आम्ही सांगितले की बाकी काही नवे घेऊ नका, पण ही डबी नवी घ्या. किंमत ऐकून ते थबकले. ती आमच्या दोन महिन्यांच्या कमाईहून जास्त होती. ते म्हणाले, “आम्ही मांडव्याच्या पुढे कधी जात नाही. मोबाइल असतोच. त्यापेक्षा वाऱ्याचे यंत्र घेतले तर शिडाची मजा तरी येईल.”

आम्ही काही बोलण्याआधी मामाच बोलले. सव्वीस वर्षांत ते मालकांपुढे एवढे बोललेले आम्ही पाहिले नव्हते. “साहेब, तुम्ही मांडव्याच्या पुढे जात नाही. पण मे महिन्याच्या अखेरीला होडी खाली रायगडच्या खाडीत काढायला कोण घेऊन जाते? मी आणि तो पोरगा. पाऊस डोक्यावर असतो. मोबाइल भिजला की संपला. त्या दिवशी होडीवर तुम्ही नसता.”

मालक काही वेळ गप्प राहिले. मग त्यांनी वहीत लिहून घेतले. नवी डबी महिन्याभरात आली. अशी डबी नुसती विकत घेऊन भागत नाही. तिची ओळख, होडीचे नाव आणि घरचा फोन नोंदवावा लागतो. हाक उपग्रहाकडून बेंगळुरूच्या भारतीय मिशन कंट्रोल सेंटरला पोहोचते, आणि तेथून समुद्रावरील शोधकार्य करणाऱ्या तटरक्षक दलाला कळवले जाते. नोंदणी केलेली असेल तर कोणाची होडी हरवली आहे हे त्यांना लगेच समजते. त्या अर्जात तातडीने कळवण्याच्या जागी मालकांनी दोन फोन लिहिले. एक स्वतःच्या घरचा आणि दुसरा मामांच्या घरचा. डबीवर बॅटरीची मुदत छापलेली असते. ती तारीख आम्ही आमच्या घरच्या कॅलेंडरवरही लिहून ठेवली आहे.

काही जण म्हणतील की पूर्वीचे दर्यावर्दी यंत्रांशिवाय जगभर फिरलेच ना? फिरले. ‘सुहेली’ नावाची बत्तीस फुटांची सागवानी होडी आपल्या मुंबईतच बांधली गेली. तिच्यावरून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये एकट्याने, कोठेही न थांबता, ३१२ दिवसांत पृथ्वीला फेरी मारली. वाटेत त्यांचा रेडिओ बिघडला आणि न्यूझीलंड सोडल्यावर चार महिन्यांहून अधिक काळ ते जिवंत आहेत की नाहीत हे कोणाला माहीत नव्हते. त्या सफरीला पन्नास वर्षे झाली म्हणून २०१८ साली जुन्याच पद्धतीची शर्यत ठेवण्यात आली. त्यात आधुनिक यंत्रांवर वाट शोधायला बंदी होती. भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी त्यात गोव्यात बांधलेल्या ‘थुरिया’ होडीवर होते. सप्टेंबरमध्ये हिंदी महासागराच्या दक्षिण भागात वादळात त्यांची डोलकाठी मोडली, पाठीला जबर दुखापत झाली आणि उठणेही अशक्य झाले. त्यांना शोधता आले आणि २४ सप्टेंबरला एका फ्रेंच जहाजाने उचलून घेतले, ते संकटाची हाक पोहोचली म्हणून. बाकीची यंत्रे ज्यांनी हौसेने दूर ठेवली, त्यांनीही संकटाची डबी दूर ठेवली नव्हती.

या सगळ्यातून आम्ही आमच्यापुरता एक नियम केला आहे. यंत्र किती जुने आहे हे नंतर विचारायचे. पहिला प्रश्न : याच्या शब्दावर कोणाचा जीव अवलंबून आहे? दुसरा प्रश्न : त्या माणसाला तो शब्द दुसऱ्या कशाने तपासून पाहता येतो का? खोलीचे यंत्र दोरीने तपासता येते. वेगाचे यंत्र अंतर आणि घड्याळ यांनी तपासता येते. जागा दीपगृहावरून तपासता येते. अशी यंत्रे म्हातारी झाली तरी दुरुस्त करून वापरावीत, आणि अधूनमधून तपासत राहावीत. वाऱ्याचे काम मान करते, तेथे पैसे घालू नयेत. पण संकटाची डबी, लाइफ जॅकेट, आग विझवण्याचे नळकांडे यांचा खरेपणा बुडण्याच्या किंवा जळण्याच्या क्षणाआधी पूर्ण कळत नाही. तेथे जुनेपणाचा लोभ धरू नये. मुदत संपली की बदलावे. आणि काय बदलायचे हे ठरवताना पैसे देणाऱ्याबरोबर त्या यंत्रापाशी रात्र काढणाऱ्यालाही विचारावे.

आपल्यापैकी कितीतरी जण असे दुसऱ्याच्या यंत्रांपाशी रात्र काढतात. कोणी लिफ्ट चालवतो, कोणी बॉयलरवर आहे, कोणी सोसायटीत वॉचमन आहे, कोणाचा मुलगा मासेमारीच्या ट्रॉलरवर जातो. दिवा लागतो म्हणजे यंत्र ठीक आहे, असे समजू नका. तो दिवा नेमके काय सांगतो ते विचारा. विचारणे हा आपला हक्क आहे, कारण तेथे आपण असतो.

आणि घरातही तेच. गॅसच्या शेगडीची नळी उलटी करून तिच्यावरील तारीख वाचा. वीज गळतीला आपोआप बंद होणारा स्विच बसवला असेल, तर त्यावरील ‘टी’ लिहिलेले बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा. घरातील वीज लगेच गेली पाहिजे. गेली नाही तर वायरमनला बोलवा. इमारतीच्या जिन्यातील लाल नळकांड्याला लटकवलेल्या चिठ्ठीवर शेवटची तपासणी कोणत्या साली झाली ते बघा. या तिन्ही गोष्टींना मिळून पंधरा मिनिटे लागतात. हा अंक खाली ठेवलात की त्या करून घ्या, आणि मुलांना बरोबर घेऊन करा.